पाणी गोठलं एकीकडे, नळी फाटली दुसरीकडे

नळीवाला

नमस्कार मंडळी. तीन दिवस डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी काम करतो तिथे यंत्रांचे सुटे भाग थंडीत तपासायची एक शीतखोली आहे. तिच्याआधी एक अरुंद बोळ लागतो. बोळातलं तापमान उणे ५ ते उणे ८ अंश सेल्सिअस असतं. त्यातून पाण्याची एक तांब्याची नळी जाते. बाहेरचा व्यास १५ मिमी, जाडी ०.७ मिमी. बोळातला तुकडा सव्वा मीटर लांब आणि सरळ. पुढे ती इन्सुलेशनच्या भिंतीतून पलीकडच्या खोलीत निघते, तिथे काटकोनात एक बेंड आहे आणि बेंडनंतर वीतभर अंतरावर बॉल व्हॉल्व्ह. ही पलीकडची खोली कधीच ६ अंशांच्या खाली जात नाही. तिथे थर्मामीटर लावलेला आहे, नोंदी माझ्या हातच्या आहेत.

बोळातल्या नळीवर हीटर टेप, म्हणजे विजेवर गरम होणारी पट्टी, गुंडाळलेली आहे. गेल्या चार महिन्यांत ती तीनदा बंद पडली. पहिल्या वेळी नळी रात्रभर गोठून राहिली. सकाळी मी हीट गनने वितळवली, पाणी सुरू झालं, गळती थेंबाचीही नाही. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी सकाळी आलो तर पलीकडच्या खोलीत बेंडखाली फरशीवर जेमतेम अर्धी वाटी पाणी सांडलेलं. नळी अजून गोठलेलीच होती. बोळातला बर्फ सुटला तसं बेंडमधून कारंजं उडालं.

बेंडच्या बाहेरच्या अंगाला, नळीच्या लांबीच्या दिशेने, २८ मिमीची फाट आहे. मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, माशाने तोंड उघडावं तशी. फोटो सोबत टाकतोय.

आता माझ्या शंका. जिथे बर्फ झाला तिथे नळीला काहीच झालं नाही आणि जिथे बर्फ होणं शक्यच नाही तिथे ती फाटली, हे कसं? दोन वेळा तगली ती तिसऱ्यांदा का नाही तगली? त्या दोन रात्रींपेक्षा ही रात्र जास्त थंड नव्हती. आणि तिसरं, आमचे साहेब म्हणतात की स्टेनलेस स्टीलची नळी टाकू आणि विषय संपवू. खरंच संपेल का?

जुनाफिटर

नळीवाला, आधी एक विनंती. तो तुकडा भंगारात टाकू नका. मायक्रोमीटर (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप देणारं साधन) घ्या, बोळातल्या टोकापासून व्हॉल्व्हपर्यंत दर पाच सेंटीमीटरवर खूण करा आणि प्रत्येक खुणेवर बाहेरचा व्यास मोजून लिहा. एका जागी दोनदा मोजा, नळी नव्वद अंशांत फिरवून. मला काय आकडे येतील याचा अंदाज आहे, पण तुम्ही मोजून सांगा.

तोवर तुमच्या पहिल्या शंकेचं बोलतो. माझी सगळी नोकरी शीतयंत्रांच्या देखभालीत गेली आणि ही गोष्ट मला उशिरा समजली. तोपर्यंत मी चुकीच्या जागी उपाय करत होतो.

आपल्या मनात चित्र असं असतं की पाण्याचा बर्फ झाला, तो ९ टक्के फुगला, त्याने नळीची भिंत बाहेर ढकलली आणि नळी फाटली. असं क्वचित होतं. नळीत बर्फ धरतो तो भिंतीपासून आत, कड्यासारखा. मधला गाभा पाणीच असतो. कडं जाड होत जातं तसं जास्तीचं पाणी त्या गाभ्यातून लांबीच्या दिशेने पुढेमागे सरकतं. म्हणजे फुगायला वाट मोकळी असते, भिंतीवर जोर येत नाही. मग एका जागी कडं पूर्ण मिटतं आणि नळीत बर्फाचं बूच बसतं. खरी गोष्ट इथून सुरू होते.

बुचाच्या एका बाजूला तुमची पुरवठ्याची लाइन आहे. तिकडे पाणी मागे सरकू शकतं. दुसऱ्या बाजूला बंद बॉल व्हॉल्व्ह. बूच आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जे पाणी अडकलं ते कुठे जाणार? बुचाच्या त्या अंगाला आणखी बर्फ धरत राहतो, आणि त्याची सगळी वाढ त्या कोंडलेल्या पाण्यावर येते. पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत म्हणतो. ते दाबलं जातं, पण फार थोडं: २०० बार (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) दाब दिला तर साधारण १ टक्का. तुमच्या नळीचा आतला व्यास १३.६ मिमी, म्हणजे मीटरभर नळीत १४५ मिली पाणी. तांब्याची थोडी लवचीकता धरली तरी २ मिली पाणी जास्तीचं कोंबलं की दाब २०० बारला पोचतो. २ मिली वाढ व्हायला किती पाणी गोठावं लागतं? २२ मिली. म्हणजे नळीची वीतसुद्धा नाही, १५ सेंटीमीटर. तुमच्याकडे तर बूच ते व्हॉल्व्ह हे अंतर मीटरपेक्षाही कमी असणार, तेव्हा त्याहून कमी बर्फ पुरतो.

आणि दाब द्रवातून सगळीकडे सारखा जातो. ६ अंशांच्या खोलीतल्या बेंडला तोच दाब, जो उणे ८ अंशांतल्या बुचाच्या तोंडाशी. मग ज्याच्या अंगात जोर कमी, तो फुटतो. फरशीवरचं ते अर्धी वाटी पाणी पाहा. नळी गोठलेली असताना ते सांडलं, म्हणजे फाट रात्रीच पडली होती आणि त्या जागी आत पाणीच होतं. वितळताना कारंजं दिसतं म्हणून लोक समजतात की वितळताना नळी फुटली. ती आधीच फुटलेली असते, बर्फाचं बूच फक्त गळती अडवून धरतं.

माझा अनुभव सांगतो. एका हवा थंड करायच्या कॉइलमध्ये, पंखेदार पत्र्यांमधून जाणाऱ्या सरळ नळ्या आणि दोन्ही बाजूंना उघडे यू-बेंड. एका रात्री गोठली. सकाळी चार बेंड फाटलेले, सरळ नळी एकही नाही. मला वाटलं बेंड उघडे होते, त्यांना थंडी जास्त लागली. मी नवे बेंड बसवले आणि त्यांना जाड इन्सुलेशन गुंडाळलं. पुढच्या वेळी पुन्हा बेंडच गेले, या वेळी सहा. पत्र्यांमुळे सरळ नळी आधी गारठते आणि आधी गोठते, पाणी बेंडमध्ये ढकललं जातं, आणि मी तर बेंड गरम ठेवून तिथलं पाणी शेवटपर्यंत पाणीच राहील याची सोय केली होती.

नळीवाला

काका, मोजलं. दुपारभर तेच करत होतो.

त्याच लांबीतला न वापरलेला तुकडा १५.०० भरला. बोळातल्या सव्वा मीटरमध्ये, जिथे बर्फ होता, १५.०१ ते १५.०६. भिंतीतून जाणाऱ्या भागात १५.०४. बेंड सुरू होताच १५.४, मग १५.९, आणि फाटीच्या लगत १६.६. बेंड संपून व्हॉल्व्हकडे गेलो की परत १५.०५. मला वाटलं मायक्रोमीटर चुकतोय, म्हणून दुसऱ्याने मोजलं. तेच आकडे.

फाटीच्या ओठाची जाडी टोकदार जबड्याच्या मायक्रोमीटरने घेतली तर ०.४ मिमी. बोटाने हळूच पाहिलं तर कड सुरीसारखी लागते. आणि फाटीच्या आजूबाजूचा पृष्ठभाग गुळगुळीत राहिलेला नाही, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत झालाय. उजेडात तिरकं धरलं की दिसतं.

एक राहिलं. तो बेंड आमच्याकडच्याच माणसाने बनवलेला आहे. नळी गॅसच्या टॉर्चने लाल होईपर्यंत तापवून, वाळू भरून, हाताने वळवली होती.

धातुप्रेमी

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, नळीवाला. मी धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे, फुटलेल्या नळ्या रोज टेबलावर येतात.

सरळ नळी कारखान्यातून ओढून येते, ती कडक असते. तिला कायमची ताणायची तर धातूत २०० मेगापास्कलच्या (१ मेगापास्कल म्हणजे १० बार) वर ताण लागतो. तोच तांबा लाल करून थंड केला की मऊ पडतो आणि ६० मेगापास्कलच्या आसपासच कायमचा ताणला जाऊ लागतो. नळीच्या भिंतीतला घेराच्या दिशेचा ताण काढायचा हिशोब सोपा आहे: दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. तुमच्या मापांनी मऊ बेंड ६० बारला फुगायला लागतो आणि कडक सरळ नळी त्याच्या तिप्पट दाबालाही जागची हलत नाही. एकाच लाइनमध्ये दोन वेगळे धातू जोडल्यासारखं झालं. म्हणून सरळ भागात १५.०५ आणि बेंडमध्ये १६.६.

लांबीच्या दिशेचा ताण घेराच्या दिशेपेक्षा निम्मा असतो. त्यामुळे नळी आडवी तुटत नाही, उभी चिरते. आणि बाहेरच्या अंगाला का, तर वळवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि पातळ होते. तुमच्या फोटोवरून वळणाची त्रिज्या ४५ मिमीच्या आसपास दिसते, म्हणजे बाहेरच्या अंगाची जाडी गोठण्याआधीच ०.७ वरून ०.६ वर आली असणार.

संत्र्याची साल म्हणालात ना, ती बरोबर खूण आहे. लाल करताना धातूचे कण मोठे झाले. मोठ्या कणांचा तांबा ताणला की प्रत्येक कण आपापल्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. सुरीसारखी कड सांगते की धातू ठिसूळ नव्हता, गंजलेलाही नव्हता. शेवटच्या क्षणापर्यंत तो ताणला जात राहिला. बिडाचा व्हॉल्व्ह असता तर असं काही दिसलं नसतं, सरळ तडा गेला असता, कडा जाड आणि दाणेदार.

तिसऱ्या वेळीच का, हे जुनाफिटर काकांनी सांगावं. मी फक्त धातूची बाजू सांगतो. मऊ तांब्याचा तुकडा यंत्रात धरून ओढला तर ४० टक्के लांबेपर्यंत तुटत नाही. नळीत आतून दाब आला की तसं होत नाही. एक जागा जरा जास्त फुगली की तिथला व्यास वाढतो आणि जाडी घटते, म्हणजे त्याच दाबाला तिथला ताण आणखी वाढतो. ताणल्याने तांबा कडकही होत असतो आणि काही काळ ही कडकपणाची वाढ फुगवट्याला आवरून धरते. एका हद्दीनंतर आवरत नाही. मग बाकी नळी थांबते आणि तो एकच फुगवटा पुढे जातो.

जुनाफिटर

धातुप्रेमींनी छान सांगितलं. आता तिसऱ्या वेळेचं.

नळीवाला, तुमच्या तीन रात्रींपैकी पहिल्या रात्रीच बेंड फुगला होता. गळती नव्हती म्हणून आपण समजलो की काही झालं नाही. त्या सकाळी मायक्रोमीटर लावला असता तर १५.४ किंवा १५.५ सापडला असता असं मला वाटतं.

फुगल्यावर आतली जागा वाढली. तेवढ्याने दाब उतरला आणि नळी वाचली. मग समजा, ती दोन्ही बाजूंनी कायमची बंद असती, आत तेच पाणी राहिलं असतं. बर्फ वितळला की पाणी परत आकसलं असतं आणि वाढलेली जागा रिकामी राहिली असती. पुढच्या वेळी गोठताना ती रिकामी जागाच कामी आली असती आणि बेंडवर नव्याने फार जोर आला नसता. पण तुमच्याकडे बूच सुटताच पुरवठ्याच्या दाबाने नवं पाणी आत आलं आणि ती वाढलेली जागा भरून बसलं. तांबा काही परत लहान होत नाही. म्हणजे दुसऱ्या रात्री खेळ पुन्हा पहिल्यापासून, फक्त बेंड आता जास्त रुंद आणि जास्त पातळ. गोठणं नळीला ताणतं आणि वितळणं ती जागा नव्या पाण्याने भरतं. हे दोन्ही मिळून एक पाऊल होतं. अशी दोन पावलं तुमचा बेंड चालला, तिसऱ्याला हद्द आली. त्याला जास्त थंड रात्र लागत नाही.

अजून एक, जे फार थोडे लोक लक्षात घेतात. स्वच्छ नळीत, स्थिर पाणी बरोबर शून्याला गोठत नाही. ते उणे ४, उणे ५ अंशांपर्यंत पाणीच राहू शकतं. मग कुठेतरी एक कण धरतो आणि पिसासारख्या पात्यांचं बर्फाचं जाळं क्षणात नळीभर धावतं. त्या क्षणी फक्त ६ टक्के पाणी गोठलेलं असतं, पण नळी अडते. बाकीचं सगळं पाणी अजून गोठायचं बाकी आणि सरकायला वाट जवळजवळ नाही. ही अवस्था वाईट.

स्टेनलेसचं विचारलंत. बर्फ किती जोर लावू शकतो याला निसर्गाने मर्यादा घातली आहे, पण ती फार वर आहे. दाब वाढला की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. म्हणून उणे ५ अंशांना कोंडलेलं पाणी सुमारे ६०० बारपर्यंत दाब चढवू शकतं, त्यापुढे त्या तापमानाला आणखी बर्फ होत नाही. उणे १० ला सुमारे ११०० बार. उणे २२ ला २१०० बारच्या आसपास, आणि तिथून पुढे नेहमीचा बर्फच उरत नाही, पाण्याहून जड असा वेगळाच बर्फ तयार होतो. दाबाखालचे हे बर्फाचे प्रकार पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास बारकाईने मोजले. तुमचा मऊ तांबा २०० बारच्या आसपास फाटतो. १५ मिमीची, १ मिमी जाडीची स्टेनलेस नळी धरली तर ७०० बारच्या आसपास. बोळ उणे ५ ला असेल तर ती कदाचित तरेल, उणे ८ ला त्याचा भरवसा नाही. आणि नळी तरली तरी तुमचा बॉल व्हॉल्व्ह तेवढ्या दाबाचा आहे का? त्याच्या गळ्याची पॅकिंग, कंप्रेशन फिटिंगची रिंग, दाबमापकाची आतली वाकडी नळी, यांतलं काहीतरी जाईल. साहेबांना सांगा, दुखणं जागा बदलेल, जाणार नाही.

हे जुनं ज्ञान आहे. १७८४-८५ च्या हिवाळ्यात क्वेबेकमध्ये तोफखान्यातले मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी लोखंडी बॉम्बगोळ्यांत पाणी भरलं, तोंडाला लोखंडी बूच ठोकलं आणि ते कडाक्याच्या थंडीत ठेवले. काही गोळ्यांची बुचं उडून दूर पडली आणि तोंडातून बर्फाचा दांडा बाहेर आला. जिथे बूच घट्ट बसलं तिथे गोळाच फुटला आणि फटीतून बर्फाची पाती बाहेर आली. बूच सुटलं तर गोळा वाचला, हे त्यातलं ध्यानात ठेवण्यासारखं. तुम्हीही व्हॉल्व्हच्या बाजूला दाबाला सुटायला जागा द्या. जाड नळीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

मेणाचीघडी

मधेच येते, क्षमा असावी. पाण्याबाबत काकांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे. पण हा धागा वाचून कोणी दुसऱ्या द्रवाला तेच लावू नये, म्हणून लिहिते.

मी उष्णता साठवायच्या नळ्यांवर काम करते. ॲल्युमिनियमच्या नळ्या, आत पॅराफिन मेण. मेण गोठताना आकसतं आणि वितळताना फुगतं, साधारण १० टक्के किंवा त्याहूनही जास्त. पाण्याच्या बरोबर उलट. बहुतेक पदार्थ असेच आहेत, पाणी अपवाद आहे. म्हणून आमच्या नळ्या गोठताना कधीच फुटत नाहीत. वितळताना फुटतात.

पहिल्या वर्षी मी हीटरचा पट्टा नळीच्या बरोबर मध्यावर बसवला, उष्णता दोन्हीकडे सारखी जावी म्हणून. मध्यावरचं मेण वितळलं. दोन्ही टोकांना घट्ट मेणाची बुचं. वितळलेल्या मेणाला फुगायला जागा नाही. हीटरच्या पट्ट्याखाली नळी फुगत होती आणि पट्ट्यामुळे मला ते दिसतही नव्हतं. पट्टा तडतडला तेव्हा कळलं. काढून पाहिलं तर नळीवर पट्ट्याच्या स्क्रूचा ठसा उमटला होता, इतक्या जोराने ती आतून दाबली गेली होती. त्या नळीत वरच्या टोकाला मोकळी जागा होती, पुरेशी होती. पण घट्ट मेणाच्या पलीकडे असलेली जागा नसल्यासारखीच.

आता आम्ही वरून, मोकळ्या पृष्ठभागापासून वितळवायला सुरुवात करतो आणि एकेक हीटर खाली उतरवत जातो. एका नळीला चार हीटर आणि वेळ दुप्पट लागतो. तो लागू देत.

हीच काळजी अंतराळात घ्यावी लागली आहे. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सोहो यानाशी २५ जून १९९८ ला संपर्क तुटला. यान भलत्या दिशेला तोंड करून फिरत राहिलं आणि त्यातलं हायड्राझीन इंधन गोठलं. हायड्राझीन सुमारे २ अंशांना गोठतं आणि गोठताना आकसतं, म्हणजे ते मेणाच्या जातीचं. नळ्या भलत्या क्रमाने गरम झाल्या असत्या तर फुटल्या असत्या आणि यान कायमचं गेलं असतं. ऑगस्टमध्ये क्षीण वीजपुरवठ्यावर आधी टाकी वितळवली, मग नळ्यांचे भाग टप्प्याटप्प्याने. १६ सप्टेंबरला यानाने पुन्हा सूर्याकडे तोंड केलं. मी ही हकीकत वाचली तेव्हा माझी ती फुगलेली नळी टेबलावर होती. मला फार धीर आला होता.

नळीवाला

ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला, कारण मीही हीट गन बोळातल्या नळीच्या अगदी मध्यावर धरत होतो. तिन्ही वेळा. पाण्याला ते चालतं का?

जुनाफिटर

पाण्याचा बर्फ वितळला की आकसतो, म्हणून नुसत्या वितळण्याने दाब वाढत नाही. पण हीट गन किंवा टॉर्च मध्यावर धरून ठेवला तर दोन बुचांमधलं पाणी तापतं आणि फुगतं, आणि तसंच तापवत राहिलं तर त्याची वाफ होते. बुचं तर दोन्हीकडे घट्ट आहेत. टॉर्चने नळी तापवताना ती तोंडावर फुटल्याने माणसं भाजली आहेत. आधी नळ उघडायचा, मग उघड्या नळाच्या बाजूने सुरुवात करायची आणि बर्फ खात खात मागे जायचं. पाणी असो की मेण, मोकळ्या तोंडापासून सुरुवात केली तर दोन्हीकडे बरोबर ठरते. आणि गळती आहे का हे दाब देण्याआधी पाहायचं, म्हणजे पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवून.

दुरुस्तीत काय करावं: बेंड लाल करून वळवू नका. बेंडरवर थंडच वळवा, त्रिज्या मोठी घ्या. थंड वळवलेला तांबा कडकच राहतो. लाइनला उतार द्या आणि बॉल व्हॉल्व्हच्या जागी असा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह टाका की बंद केला की मागची लांबी रिकामी होईल. रिकामी नळी गोठून काही होत नाही. ते जमत नसेल तर व्हॉल्व्हच्या अलीकडे, उबदार खोलीत, एक लहान रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरलेल्या दाबाला आपोआप उघडणारा. वाढलेला दाब झेलायला हवेची बाटली लावायचं कोणी सुचवेल. ती काही महिने चालते, मग हवा पाण्यात विरघळून जाते आणि बाटली पाण्याने भरते. कोणाच्या लक्षात राहत नाही. तुम्हाला ग्लायकोल (पाण्याचा गोठणबिंदू खाली आणणारा द्रव) घालता येणार नाही, पाणी पुढे वापरायचं असल्याने. बंद फिरत्या लाइनला मात्र ते चांगलं. त्याचं मिश्रण गोठलं तरी आधी लगदा होतो, घट्ट बूच बसत नाही.

धातुप्रेमी

एक जोड. बोळातला सरळ तुकडा परत वापरणार असाल तर वापरा, १५.०६ म्हणजे तो ताणलेला नाही. बेंडपासून व्हॉल्व्हपर्यंतचा वीतभर तुकडा मात्र बदला. टॉर्चची उष्णता किती लांब गेली होती हे बाहेरून कळत नाही.

नळीवाला

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं आणि मुद्दाम तपासूनही पाहिलं.

स्टेनलेसचा विषय साहेबांनी सोडला. त्यांना मी फुगलेला बेंड आणि मायक्रोमीटर दोन्ही हातात दिलं, स्वतः मोजा म्हटलं. १६.६ वाचल्यावर ते बराच वेळ बेंडकडे बघत राहिले. तीन तोंडांचा व्हॉल्व्ह यायला वेळ आहे, तोवर रिलीफ व्हॉल्व्ह बसवला, १० बारला उघडणारा. पुरवठा ३ बारचा आहे. नवा बेंड थंड वळवला. व्हॉल्व्हजवळ एक दाबमापक लावला आणि हीटर टेप बंद पडली तर घंटा वाजेल अशी सोय केली.

मग परवा रात्री मी मुद्दाम टेप बंद केली आणि उबदार खोलीत स्टूल टाकून दाबमापकासमोर बसलो. पहिले दोन तास काटा ३ वर. बोळातल्या नळीच्या पृष्ठभागावर लावलेला थर्मामीटर उणे ४ पर्यंत उतरला आणि एकदम शून्यावर आला. काका, तुम्ही म्हणालात ती पिसं तेव्हाच धावली असणार, कारण काटा त्याच क्षणी थरथरला. त्यानंतर पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग काटा उठला. ४, ५, ६. डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने. मी एक हात बेंडवर ठेवला होता, नळी कोमट नाही पण गारही नाही, तिला काही होतंय असं अजिबात वाटत नव्हतं. ८. ९. मग १० ला काटा थांबला आणि रिलीफच्या तोंडाशी एक थेंब जमला, मोठा झाला, पडला. मिनिटभराने दुसरा. खाली मोजपात्र ठेवलं होतं. पहाटेपर्यंत त्यात ९ मिली पाणी जमलं.

सकाळी नळ उघडून, व्हॉल्व्हकडून सुरुवात करून, हळूहळू वितळवलं. मग बेंड मोजला. वळवल्यानंतर बाहेरच्या अंगावर तीन खुणा करून ठेवल्या होत्या. तिन्ही जागी कालचाच आकडा.